पावत्या मोजू नका, वाचलेली माणसे मोजा

वर्ष संपले की राज्याच्या वाहतूक आणि महामार्ग पोलिसांच्या कामाचा हिशेब बाहेर येतो. किती वाहनांवर कारवाई झाली, किती कोटींचा दंड लागला, त्यातला किती वसूल झाला, दारू पिऊन गाडी चालवणारे किती सापडले, आणि शेवटी कुठेतरी अपघात आणि मृत्यूंचे आकडे. हा हिशेब मी बरीच वर्षे चुकीच्या टोकाकडून वाचत आलो. कारवाई वाढली की रस्ते सुरक्षित झाले असे मानायचे, आणि दंडाची रक्कम वाढली की नुसती वसुली चालली आहे असे म्हणायचे, या दोन्ही सवयी मला होत्या. त्या परस्परविरुद्ध वाटतात, पण दोन्हींत लक्ष पावतीवर असते, रस्त्यावरच्या माणसावर नसते. ही चूक वाचण्यापुरती राहत नाही, ती गाडी चालवण्यातही उतरते. ज्याला पावती वाचवायची आहे तो कॅमेरा दिसला की वेग कमी करतो आणि कॅमेरा मागे पडला की पुन्हा वेग धरतो. ज्याला जीव वाचवायचा आहे त्याला कॅमेरा कुठे आहे हे माहीत असण्याची गरज पडत नाही. म्हणून हा हिशेब कसा वाचावा आणि त्यातून स्वतःसाठी काय घ्यावे, हे सांगावेसे वाटते.

आधी आकडे पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांनुसार 2019 मध्ये महाराष्ट्रात 32,925 अपघात झाले आणि 12,788 माणसे मेली. 2022 मध्ये अपघात होते 33,383 आणि मृत्यू 15,224. अपघात जेमतेम दीड टक्क्याने वाढले, मृत्यू मात्र 2,436 ने, म्हणजे सुमारे 19 टक्क्यांनी वाढले. 2019 मध्ये शंभर अपघातांमागे 39 माणसे जात होती, 2022 मध्ये सुमारे 46 जाऊ लागली. याच काळात ई-चलानची पद्धत राज्यभर रुजली आणि मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार वाढवलेले दंड डिसेंबर 2021 पासून राज्यात लागू झाले. यावर कोणी म्हणेल, वाहने वाढली, मग मृत्यू वाढणारच. पण नुसती वाहने वाढल्याने अपघातही तसेच वाढायला हवे होते. इथे अपघात जागच्या जागी आहेत आणि त्यांचा घाव खोल झाला आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: किरकोळ अपघातांची नोंदच होत नसेल, तर शेकडा प्रमाण फुगलेले दिसेल. हे मला मान्य आहे, म्हणून त्या प्रमाणावर मी सगळा भार टाकत नाही. पण मृत्यूची नोंद किरकोळ अपघातांच्या नोंदीइतकी चुकत नाही, आणि 2022 मध्ये रोज सरासरी 41 हून अधिक माणसे राज्याच्या रस्त्यांवर संपली, हे कोणत्याही प्रमाणाशिवाय खरे आहे. कारवाई निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. किती कारवाई झाली यावरून माणसे किती सुरक्षित झाली हे कळत नाही, एवढाच अर्थ आहे.

घाव खोल का होतो, याचे पहिले उत्तर वेगात आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते. समोरचे संकट पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद निघून गेलेला असतो. वेग 100 वरून 120 वर नेला तर आपल्याला तो वीस टक्क्यांनीच वाढल्यासारखा वाटतो. धडकेतली ऊर्जा मात्र 44 टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या पटीत चढते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. देशात 2022 मध्ये 1,68,491 माणसे रस्त्यावर मेली, त्यांपैकी 71 टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात नोंदले गेले. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेल्या 50,029 जणांचा आणि सीटबेल्ट न लावलेल्या 16,715 जणांचा जीव गेला. सीटबेल्टच्या या आकड्यात जवळपास निम्मे चालक नव्हते, शेजारी किंवा मागे बसलेले होते. मागच्या सीटवर बेल्ट कशाला, हा आपल्या घराघरातला समज किती महाग पडतो, ते इथे दिसते. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हाही त्या महागड्या गाडीतल्या मागच्या सीटवरच्या प्रवाशांनी बेल्ट लावलेले नव्हते. गाडी किती भारी आहे यावर सगळे ठरत नाही.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे, रस्ते खराब, दुभाजक तुटलेले, फलक गायब, आणि पावती मात्र आमच्या नावाने. या तक्रारीत तथ्य आहे. अपघाताच्या नोंदीत ‘अतिवेग’ हे कारण लिहिणे सोपे असते. वळणाचा चुकलेला उतार किंवा कठड्याचे उघडे टोक त्या रकान्यात सहसा येत नाही. म्हणून 71 टक्क्यांचा आकडाही डोळे मिटून घेऊ नये. पण रस्ता सदोष असेल तर वेग कमी करण्याचे कारण वाढते, वेग वाढवण्याची सूट मिळत नाही. आणि रस्ता दुरुस्त करणे पोलिसांच्या हातात नसते. ते काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा रस्ते विकास महामंडळाचे असते. या सगळ्यांनी एकत्र काम केले की काय होते, ते मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दिसले. 2016 मध्ये या सुमारे 95 किलोमीटरच्या रस्त्यावर 151 माणसे मेली होती. त्यानंतर एका स्वयंसेवी संस्थेने रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांच्यासोबत अपघातांच्या जागा एकेक करून तपासल्या, उघडे अडथळे झाकले, कठडे बसवले, वेगावर आणि लेनच्या शिस्तीवर कारवाई केली, जखमींना वेळेत मदत मिळेल असे पाहिले. 2019 पर्यंत मृत्यूंचा आकडा शंभराच्या खाली आला. ते दंडाने झाले की दुरुस्तीने, असा वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही एकाच जागी आणि एकाच हेतूने झाले, म्हणून माणसे वाचली.

मग वसुलीचा आरोप? तोही तपासून घ्यावा. दंड तिजोरी भरण्यासाठीच असता तर राज्यात हजारो कोटी रुपये थकीत राहिले नसते. खरे दुखणे त्या थकबाकीत आहे. नियम मोडला की दंड होतोच आणि तो भरावाच लागतो, अशी खात्री असेल तर 500 रुपयेही पुरतात; लोकअदालतीत सवलत मिळेल म्हणून लोक थांबून राहत असतील, तर 5,000 रुपयांचाही धाक राहत नाही. धाक रकमेत नसतो, खात्रीत असतो. त्याच न्यायाने चुकीच्या पावतीविरुद्ध नागरिकाला दाद मिळण्याचीही खात्री हवी. चलान आले तर फोटोतला वाहन क्रमांक, जागा आणि वेळ ताडून पाहा. चूक असेल तर ‘महाट्रॅफिक’ ॲपवर तक्रार नोंदवा. चूक नसेल तर लगेच भरून मोकळे व्हा. न्याय आणि शिस्त यांचा इथे काही झगडा नाही.

आता, वर्षाचा हिशेब हाती आला की काय विचारावे? एकूण कारवाईच्या आकड्यावर न थांबता ती कशासाठी झाली ते पाहा. चुकीच्या जागी गाडी उभी केल्याची पावती आणि दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यावरचा खटला, दोन्ही एकेकच मोजले जातात, पण जीव वाचवण्याच्या तराजूत त्यांचे वजन सारखे नसते. मृत्यूंमध्ये दुचाकीवाले आणि पायी चालणारे किती, ते शोधा. देशात 2022 मध्ये 32,825 पादचारी मेले, आणि त्यांच्या सुरक्षेचे माप चलानात कधीच येत नाही. तीन वर्षांत जेथे पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू होतात, त्या सुमारे 500 मीटरच्या टप्प्याला सरकारी भाषेत ब्लॅक स्पॉट म्हणतात. आपल्या तालुक्यात असे किती, गेल्या वर्षी त्यांतले किती दुरुस्त झाले, आणि दुरुस्तीनंतर तेथे मृत्यू थांबले का, हे ग्रामसभेत, जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे आणि लोकप्रतिनिधींना विचारा. सदोष रस्त्यासाठी कंत्राटदार आणि यंत्रणेलाही एक लाखापर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. ती किती वेळा वापरली गेली, हा प्रश्न त्या हिशेबाशेजारी मांडायलाच हवा.

आणि आपल्या हातात काय आहे? हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळणे, मागच्या सीटवरही बेल्ट लावणे, अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती किल्ली न देणे; त्या किल्लीसाठी पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण तेवढ्यासाठी नव्हे, तर मुलासाठी. समृद्धी महामार्गासारख्या सरळ, लांबलचक रस्त्यावर निघण्याआधी टायर तपासणे आणि डोळे जड झाले की थांबणे. अपघात दिसला तर मदत करणे. पोलीस चौकशी करतील, कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतील, ही भीती जुनी आहे. 2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आणि नंतर कायद्यातल्या 134-अ कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, नाव सांगण्याचीही सक्ती नाही. महामार्ग पोलिसांच्या ‘मृत्युंजय दूत’ योजनेत 2021 पासून महामार्गालगतचे गावकरी, ढाबेवाले, पेट्रोलपंपावरची माणसे हेच काम करत आहेत. रुग्णवाहिकेसाठी 108 वर फोन लावायला त्यांच्यापैकी एक असण्याची गरज नाही.

वाचलेल्या माणसाची नोंद कोणत्याच वार्षिक अहवालात होत नाही. तो संध्याकाळी घरी पोहोचतो, चप्पल काढतो, जेवायला बसतो, आणि आपण वाचलो हे त्याला कळतही नाही. पोलिसांचे, अभियंत्यांचे आणि आपले वर्षभराचे काम मोजायचे असेल, तर या घरी पोहोचलेल्या माणसांवरून मोजावे. 2022 मध्ये 15,224 घरांची वाट बघणे संपले नाही. पुढच्या हिशेबात हा आकडा किती खाली आला, ते सगळ्यात आधी वाचा. पावत्यांचा आकडा त्यानंतर.