ड्रॅगन आणि दर्शन



आजचा श्लोक गीतेच्या ११ व्या अध्यायातला १५ वा. अर्जुनाला विश्वरूप दिसायला लागलंय. त्या एकाच देहात त्याला देव दिसतात, कमळावर बसलेले ब्रह्मदेव दिसतात, ऋषी दिसतात आणि सगळ्यात शेवटी दिव्य सर्प. आपण ही यादी भराभर वाचून पुढे जातो. आज जरा सापापाशीच थांबू.

प्राचीन ग्रीक भाषेत सापाला एक शब्द होता, द्राकोन. होमरच्या 'इलियड'च्या दुसऱ्या सर्गात असा एक द्राकोन झाडावर चढतो आणि चिमणीची ८ पिल्लं व नववी त्यांची आई गिळून टाकतो. त्याला पंख नाहीत, तो आग ओकत नाही. सापच तो. पुढे लॅटिनमध्ये त्याचा द्राको झाला आणि इंग्रजीत ड्रॅगन. बाकीचं सामान नंतर चिकटलं.

पण द्राकोन का? 'देर्कोमाय' म्हणजे तीक्ष्ण नजरेने बघणे. त्यावरून द्राकोन, टक लावून बघणारा. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, त्यामुळे तो डोळे मिटतच नाही. आणि या ग्रीक क्रियापदाचा संस्कृतमधला सख्खा भाऊ कोण? 'दृश्' धातू. दृष्टी, दृश्य, दर्शन, सगळे त्याचेच. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, रूट एक आणि ब्रँच दोन. आपल्या अमरकोशातही सापाचं एक नाव 'चक्षुःश्रवा' आहे, म्हणजे डोळ्यांनी ऐकणारा. दोन्हीकडच्या लोकांना आधी डोळाच जाणवला!

(शब्दांची मुळं खणायचं वेड आमच्या खान्देशाला जुनंच. मराठी धातूंचा कोश रचणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे आहे.)

आता श्रावणातलं जळगावकडचं कपाशीचं शेत डोळ्यांसमोर आणा. निंदता निंदता समोर नाग फणा काढून उभा राहतो. हातातलं काम थांबतं, तोंडातून शब्द फुटत नाही. त्या क्षणी आपण त्याला बघतोय यापेक्षा तो आपल्याला बघतोय, हेच जास्त जाणवतं.

मला वाटतं, विश्वरूपासमोर अर्जुनाचं हेच होतं. दर्शन त्याने स्वतः मागितलं होतं. साध्या डोळ्यांना ते झेपणार नाही म्हणून देवाने दिव्यदृष्टीही दिली. तरी ४५ व्या श्लोकात तो म्हणतो की आनंद झालाय, पण भीतीने मन हादरलंय, ते पहिलं रूप दाखव. या एका श्लोकात 'दृश्' तीनदा येतो: अदृष्टपूर्वम्, दृष्ट्वा, दर्शय. आधी कधी न पाहिलेलं, पाहून, दाखव.

आपण रांगेत उभं राहून 'छान दर्शन झालं' म्हणतो आणि फोटो स्टेटसला टाकतो. त्यात वाईट काही नाही. पण अर्जुनाचे हात थरथरत होते, हेही त्याच अध्यायात लिहिलंय.

एक बारीक गोष्ट. आजच्या श्लोकात अर्जुन 'पश्यामि' म्हणतो, तिथे दृश् दिसणार नाही. संस्कृतात वर्तमानकाळी दृश् च्या जागी 'पश्य' येतं, गोंधळू नका. पेन्सिल घ्या आणि पूर्ण अध्यायात दोन्हींवर खुणा करा. उद्या श्लोक १६.