नाशिकची वाइन : शब्द आणि प्रतिष्ठा

भुसावळहून मुंबईला जाताना लागणारे नाशिक द्राक्षांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध. 1999 मध्ये ‘सुला’ स्थापन झाल्यानंतर त्याची ओळख वाइनशी जोडली गेली. 2001 च्या शासकीय धोरणाचे नाव मात्र ‘द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण’! त्यात ‘दारू’ नाही, ‘वाइन’ही नाही. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. मराठीत त्या शब्दाला व्यसनाची अवकळा आली. (द्राक्षासव तेवढे औषधच राहिले.) ‘वाइन’ हा परका शब्द त्या कलंकापासून पुष्कळसा दूर राहिला. 2022 मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधील वाइनविक्रीस मान्यता दिली, तेव्हा वाद पेटला तो अर्थावरच : वाइन ही दारू की नव्हे? आंबवलेला रस आणि ऊर्ध्वपातित मद्य हा भेद रसायनशास्त्र करते. पण व्हिस्कीही ऊर्ध्वपातितच. तरी तिला मिळणारी प्रतिष्ठा सातपुड्यातील मोहाच्या दारूला नाही.