दहा मतांचा महापौर

"माझ्या एका मतानं काय होणार आहे?" असे पुष्कळ लोक म्हणतात. मतदानाच्या दिवशी कोणी शेतावर जातो, कोणी बाजाराला. आम्ही शाळेत मास्तर होतो, तेव्हा निवडणुकीचे काम हमखास आमच्या वाट्याला यायचे. एका गावात दोन उमेदवारांना अगदी सारखी मते पडली. शेवटी कायद्याप्रमाणे चिठ्ठी टाकून निकाल लावला. हरलेल्याचा सख्खा चुलतभाऊ त्या दिवशी गूळ घेऊन तालुक्याला गेला होता! त्या उमेदवाराचे तोंड आम्हाला अजून आठवते.

अशीच एक निवडणूक अमेरिकेत झाली. तिची हकिकत आज वाचू.

अमेरिकेच्या उत्तरेला व्हर्मांट नावाचे लहान राज्य आहे. तिथे एका मोठ्या तळ्याच्या काठी बर्लिंग्टन हे शहर आहे. १९८० च्या सुमारास तिथे साधारण ३८ हजार माणसे राहत होती. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी वस्ती. आपल्याकडे महापालिकेचा महापौर नगरसेवक निवडतात आणि कारभाराची किल्ली आयुक्तांकडे असते. बर्लिंग्टनला तसे नाही. तिथे महापौर लोकच निवडतात, आपण सरपंच थेट निवडतो तसा.

१९८१ साली तिथे महापौराची निवडणूक आली. जुने महापौर दहा वर्षे खुर्चीवर होते. त्यांनी घरपट्टी वाढवायची असे ठरवले होते. शहरात भाडेकरू पुष्कळ. तुम्ही म्हणाल, भाडेकरूला घरपट्टीचे काय? ती तर मालक भरतो. पण मंडळी, मालक ती स्वतःच्या खिशातून थोडाच भरतो? घरपट्टी वाढली की तो भाडे वाढवतो. ज्याच्या नावावर वीतभर जागा नाही, त्याच्याही कमाईतून घरपट्टी जातच असते.

या महापौरांच्या विरुद्ध बर्नी सँडर्स नावाचा गृहस्थ उभा राहिला. वय ३९. बाप रंग विकणारा फिरता विक्रेता. मोठा पक्ष पाठीशी नाही. याआधी तो राज्याच्या चार निवडणुका लढला होता आणि चारही हरला होता. शंभरात सात मतेही त्याला कधी मिळाली नव्हती. आपल्याकडे अशा माणसाला लोक हसतात. तिथेही हसले असतील.

तो थंडीच्या दिवसांत दारोदार फिरला. गरीब वस्त्यांत गेला. त्याचे म्हणणे साधे होते. घरपट्टीचा बोजा सामान्य माणसावर टाकू नका. तळ्याचा काठ सगळ्या शहराचा आहे, तिथे श्रीमंतांसाठी महागडी घरे उठवू नका. आणि गरीब वस्तीकडेही नगरपालिकेचे लक्ष असू द्या. शहरातल्या पोलिसांच्या संघटनेनेही त्याला पाठिंबा दिला, हे पाहून पुष्कळांना नवल वाटले.

३ मार्च १९८१ रोजी मतदान झाले. सँडर्स थोडक्या मतांनी पुढे होता. फेरमोजणी झाली. फरक किती, तर अवघ्या १० मतांचा! एका चाळीत याहून जास्त मते असतात.

पण निवडून आला म्हणजे काम झाले असे नाही. शहराच्या सभेत १३ सभासद होते. त्यांतले दोनच त्याच्या बाजूचे. बाकीच्यांनी त्याने नेमलेली माणसे नामंजूर केली. जुन्याच अधिकाऱ्यांना घेऊन त्याला पहिले वर्ष काढावे लागले. आपल्याकडेही सरपंच एका पॅनेलचा आणि सभासद दुसऱ्या पॅनेलचे असे होते. मग मासिक सभेत काय चालते ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. पुढच्याच वर्षी काही सभासदांच्या निवडणुका झाल्या आणि त्याच्या बाजूचे लोक वाढले. बहुमत झाले नाही. पण महापौराने एखादा ठराव नाकारला, तर त्याचा नकार मोडून काढता येणार नाही, इतके बळ आले.

मग त्याने वह्या उघडल्या. आम्हाला या हकिकतीत हाच भाग फार आवडतो. शहराच्या मालमत्तेचा विमा वर्षानुवर्षे ठरावीक लोकांकडेच जात होता. त्याने टेंडर मागवले. जो स्वस्त देईल त्याला काम. त्यात शहराचे पैसे वाचले. हिशेब नीट तपासल्यावर सुमारे १९ लाख डॉलरची शिल्लक सापडली. पैसा होता, पण तो आहे हे कोणाला ठाऊकच नव्हते.

आता तुम्हाला वाचता येते. घरपट्टीची पावती काढा आणि दिवाबत्ती कर किती, पाणीपट्टी किती, ते वाचा. ग्रामपंचायतीत नमुना ८ नावाची नोंदवही असते. कोणाच्या घरावर किती कर बसवला आहे ते तिच्यात लिहिलेले असते. ग्रामसभेत ती मागायला लाजू नका.

सँडर्सचे सगळेच बरोबर होते असे मात्र नाही. तळ्याच्या काठासाठी त्याने स्वतःच पुढे एक योजना आणली. तिच्यात हॉटेलही होते आणि महागडी घरेही! त्यासाठी कर्ज काढायचे होते, म्हणून १९८५ साली लोकांचे मत घेतले. तीनात दोन मते हवी होती. निम्म्याहून थोडीच जास्त पडली. योजना बारगळली. लोकांनी त्याला त्याचाच शब्द आठवायला लावला. आज त्या काठावर बाग आहे, सायकलीची वाट आहे.

घरे स्वस्त राहावीत म्हणून १९८४ साली एक जमीन ट्रस्ट निघाला. शहराने त्याला सुरुवातीला २ लाख डॉलर दिले. त्याची रीत अशी. घर कुटुंबाचे, पण जमीन ट्रस्टची. समजा, घर ४० हजारांना घेतले. काही वर्षांनी त्याची किंमत ६० हजार झाली. वाढ झाली २० हजारांची. विकणाऱ्याला वाढीचा चौथा हिस्सा मिळतो, म्हणजे ५ हजार. पुढच्या कुटुंबाला तेच घर ४५ हजारांना पडते. विकणाराही बुडत नाही आणि घेणाराही नाही.

जमीन एकाची नसावी, ती सगळ्या वस्तीच्या वतीने सांभाळावी, ही कल्पना तुम्हाला ओळखीची वाटली ना? ग्रामदान! आपल्या पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोदे गावी जन्मलेल्या विनोबांची ही चळवळ. अमेरिकेत १९६९ साली जॉर्जिया राज्यातल्या काळ्या शेतकऱ्यांसाठी असा पहिला जमीन ट्रस्ट निघाला, तेव्हा तो काढणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ग्रामदान होते. तिथून ती कल्पना बर्लिंग्टनला पोचली.

सँडर्स आणखी तीनदा निवडून आला आणि १९८९ साली महापौरपदावरून उतरला. ट्रस्टचे काम मात्र चालूच राहिले. २००८ साली त्याला जागतिक वसाहत पुरस्कार मिळाला. त्याची घरे याच हिशेबाने एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जातात.