टी.सी. नेल्यानंतर पुढे काय?



दहावीचा निकाल लागला की सूचनाफलकावर आम्ही टक्केवारी लावतो. परंतु ती फक्त परीक्षेला बसलेल्यांची असते. दहा वर्षांपूर्वी पहिलीत आलेल्यांपैकी किती जण दहावीपर्यंत पोहोचले, हे ती सांगत नाही. त्यासाठी त्याच मुलांची नोंद वर्षानुवर्षे ठेवावी लागते. यालाच दीर्घकालीन पाहणी म्हणतात.

याचे मोठे उदाहरण आपल्याच प्रांतातले आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाची 'यंग लाइव्ह्ज' ही पाहणी भारत, इथिओपिया, पेरू आणि व्हिएतनाम या देशांत चालते. सन २००२ मध्ये तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशातील सुमारे ३,००० मुले तिच्यासाठी निवडली गेली. त्यांपैकी २,००० जेमतेम वर्षाची व १,००० आठ वर्षांची होती. हैदराबाद शहरातील मुलेही त्यांत होती. काही वर्षांच्या अंतराने त्याच घरी पुन्हा जाऊन शाळा, आहार, काम, विवाह यांची माहिती घेतली गेली. कोरोनाच्या काळात ती फोनवरून घेतली.

उपयोग काय झाला? दोन गोष्टी सांगतो. दुष्काळाची झळ बसलेल्या घरांतील लहान मुलांची वाढ खुंटली होती. शाळेत मध्यान्ह भोजन मिळू लागल्यावर ती बरीचशी भरून निघाल्याचे दिसले. एकदाच वजन-उंची मोजून हे कळले नसते. दुसरी गोष्ट मुलींची. मोठ्या गटातील शंभरांपैकी २८ मुलींचा विवाह अठराव्या वर्षाआधी झाला होता. पंधराव्या वर्षी शाळेत असलेल्या मुलींत हे प्रमाण बरेच कमी होते. म्हणजे नुसता कायदा पुरत नाही. आठवी-नववीतील मुलगी शाळेत टिकवणे हेही सरकारचे व शाळेचे काम ठरते.

आता आपल्याकडे पाहू. गेल्या वर्षी नववीतील एका मुलीची टी.सी. नेली गेली. रजिस्टरात कारण लिहिले, 'पालकांची विनंती'. ती पुढे शिकते की नाही, हे कोणी विचारले तेव्हा आम्हांला उत्तर देता आले नाही. याची आम्हांस खंत वाटते.

म्हणून या वर्षीपासून पहिलीत व आठवीत येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची वेगळी नोंदवही ठेवण्याचे आम्ही ठरविले आहे. शाळा सोडली तरी वर्षातून एकदा फोन करून विचारपूस होईल. पालकांनी फोन नंबर बदलल्यास अवश्य कळवावे. माहिती गुप्त राहील. विश्वस्तांनी या कामासाठी एका शिक्षकाला आठवड्यातून दोन तास मोकळे द्यावेत, ही विनंती. कोणत्या इयत्तेत मुले गळतात हे समजले, तरच शिष्यवृत्ती कोठे द्यावी हे ठरविता येईल.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याबरोबर पहिलीत बसलेले कोण कोण आज वर्गात नाहीत? त्यांची नावे आठवून वर्गशिक्षकांना सांगा. नोंदवहीचे पहिले पान तेथूनच सुरू होईल.