दाताचे भरण : पाणी आणि खर्चाचे गणित

किडलेला दात भरण्यासाठी दीर्घकाळ वापरले गेलेले ‘चांदी’चे भरण, म्हणजेच अमाल्गम, हे सुमारे निम्मा पारा असलेले मिश्रण होय. पाऱ्याच्या प्रदूषणास आळा घालणारा मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारण्यात आला. भारताने २०१८ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले. अमाल्गमचा वापर कमी करणे हे या कराराचे एक उद्दिष्ट असल्याने दाताच्या रंगाचे पर्याय आज सार्वजनिक आरोग्यखर्चाचा विषय ठरले आहेत. त्यांची खरी कसोटी पाण्याशी आहे, कारण तोंड सदैव ओले असते.

पहिला पर्याय कॉम्पोझिट. यात रेझिन व काचेसारखे सूक्ष्म कण असतात. निळ्या प्रकाशाने ते घट्ट होते. भरताना लाळ लागल्यास ते दाताला नीट चिकटत नाही. पुढेही रेझिन हळूहळू पाणी शोषते, किंचित फुगते आणि कणांशी असलेला त्याचा बंध सैल होतो. म्हणून आयएसओ ४०४९ या मानकाने जलशोषणाची कमाल मर्यादा घनमिलिमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम, तर विद्राव्यतेची ७.५ मायक्रोग्रॅम ठरविली आहे.

दुसरा पर्याय ग्लास आयोनोमर सिमेंट. ब्रिटनमधील विल्सन व केंट यांनी १९७२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पाणी हा त्याचा घटकच आहे. त्याच्या पारंपरिक प्रकारास प्रकाशयंत्र लागत नाही. ते दाताशी रासायनिकरीत्या जोडले जाते व फ्लोराइड सोडते. मात्र घट्ट होताना लाळ लागल्यास पृष्ठभाग विरघळतो, फार कोरडे पडल्यास तडे जातात. म्हणून त्यावर वार्निश किंवा पेट्रोलियम जेलीचा थर देतात. चावण्याच्या मोठ्या पृष्ठभागावर ते लवकर झिजते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याचा अत्यावश्यक औषधांच्या आदर्श यादीत समावेश केला.

आता अर्थशास्त्रीय बाजू पाहू. समजा, ६०० रुपयांचे सिमेंट तीन वर्षे आणि ९०० रुपयांचे कॉम्पोझिट सहा वर्षे टिकले, तर वार्षिक खर्च अनुक्रमे २०० व १५० रुपये होतो. परंतु वीज, लाळ शोषणारे यंत्र व साहाय्यक नसलेल्या केंद्रात तेच कॉम्पोझिट तीन वर्षांतच निघाले, तर तो ३०० रुपये होतो. शिवाय रुग्णाची मजुरी पुन्हा बुडते आणि दाताचा आणखी भाग कोरावा लागतो.

तात्पर्य, केवळ खरेदी किमतीवरून वा केवळ गुणवत्तेवरून निवड करणे अपुरे होय. पूरक सुविधांचा विचार करून टिकाऊपणाच्या प्रत्येक वर्षामागील खर्च मोजणे, हाच सार्वजनिक खरेदीचा योग्य निकष होय.