वास गेला म्हणजे वायू गेला नाही

तुंबलेल्या चेंबरचं झाकण काढलं, घटकाभर वारा लागू दिला आणि वास कमी झाला की आत उतरायला हरकत नाही, असं अनेक सोसायट्यांना अजूनही वाटतं. नगरपालिकेच्या ड्रेनेज विभागात मी नोकरी केली, म्हणून कळकळीने सांगतो, हा समज माणसं मारतो.

एका सोसायटीत ठेकेदाराचा तरुण कामगार कमरेला दोर बांधून उतरायला निघाला होता. वास फारसा नव्हता, गॅस मीटरवरचे आकडेही ठीक होते. आमच्या मुकादमांनी त्याला हाताला धरून मागे घेतलं आणि लांब बांबूने तळाचा गाळ ढवळला. त्याबरोबर मीटर किंचाळू लागला. हायड्रोजन सल्फाइड गाळात अडकून बसतो, आणि गाळ हलतो तो नेमका माणूस आत उतरल्यावर. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, आणि धोका कळण्याआधीच आतला माणूस कोसळतो. वर उभा असलेला सोबती त्याला काढायला धावतो आणि तोही जातो. अशा बातम्यांत मृतांची नावं बहुधा एकाहून जास्त असतात, ती यामुळेच.

चोकअप काढायला माणूस उतरवावाच लागत नाही. ओळीने झाकणं उघडत जा. भरलेलं शेवटचं चेंबर आणि त्यापुढचं कोरडं चेंबर, अडथळा या दोन्हींच्या मधेच असतो. जेटिंगचा पाइप कोरड्या बाजूने वर चढवायचा, सुटून आलेला गाळ सक्शनच्या गाडीने ओढायचा. गाडी गल्लीत शिरत नसेल तर लहान गाडी मागवा, एक दिवस थांबा.

लाइन पुन्हा भरू नये यासाठी, गच्चीचं पावसाचं पाणी मैल्याच्या लाइनला जोडलेलं असेल तर ते आधी तोडा. पहिल्याच मोठ्या सरीत तळमजल्याच्या मोऱ्या उलट्या वाहतात त्या बहुतेक या जोडणीमुळे. मोरीत ओतलेलं स्वयंपाकघरातलं तेलही गार झालं की लाइनमध्ये थिजतं आणि ती तुंबवतं.

सोसायटीच्या कमिटीने कायदाही वाचावा. सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं 2013च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि काम ठेकेदाराला दिलं होतं म्हणून काम देणारा सुटत नाही. गटारात मृत्यू झाल्यास 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023मध्ये दिला. तेव्हा ठेकेदाराचं दरपत्रक आलं की रकमेआधी एवढंच पाहा, त्यात जेटिंग आणि सक्शनची गाडी लिहिली आहे का. नसेल तर ते परत पाठवा.