टीपेचे मोल

पनवेलहून उरणकडे जाताना जासई हे गाव लागते. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचा जन्म १९२६ साली याच गावी झाला. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींचा योग्य मोबदला मिळावा, म्हणून त्यांच्या नेतृत्वाखाली पनवेल-उरण भागातील शेतकऱ्यांनी १९८४ च्या जानेवारीत मोठे आंदोलन केले. १६ व १७ जानेवारीस झालेल्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मे झाले.

समजा, या गावातील सातवीच्या एका मुलीने या आंदोलनावर शोधनिबंध लिहावयास घेतला. ग्रंथालयातून तिने एक चरित्र आणले, जुन्या वर्तमानपत्राची कात्रणे मिळवली आणि आंदोलनात सामील असलेल्या आपल्या आजोबांची मुलाखत घेतली. निबंध वाचून गुरुजी म्हणाले, “लेखन चांगले आहे, पण ही माहिती तुला कोणाकडून मिळाली, हे वाचणाऱ्यास कसे कळावे?”

शेजाऱ्याकडून उसने आणलेले धान्य परत करता येते. ज्ञानाचे ऋण तसे फेडता येत नाही. ते कबूल मात्र करता येते. ही कबुली म्हणजेच संदर्भसूची. पुस्तकाच्या नोंदीत लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, प्रकाशनस्थळ व वर्ष द्यावे. वर्तमानपत्राच्या नोंदीत त्याचे नाव, दिनांक व पृष्ठ द्यावे. मुलाखत कोणाची, कोठे व केव्हा घेतली, तेही लिहावे. सर्व नोंदी वर्णानुक्रमाने लावाव्यात.

प्रत्येक नोंदीखाली दोन-तीन वाक्यांची टीप जोडली, की ती सटीप संदर्भसूची होते. त्या साधनात काय आहे, सांगणाऱ्याचा घटनेशी संबंध काय आणि त्याच्या कोणत्या भागावर किती विसंबावे, हे टीपेत सांगावयाचे असते.

पहिल्या दोन टिपा मुलीने सहज लिहिल्या. ‘चरित्र जिव्हाळ्याने लिहिले आहे, विरोधी बाजू त्यात थोडी आहे.’ ‘बातमी दुसऱ्याच दिवशीची आहे, म्हणून तीत घटनेचा सर्व तपशील आलेला नाही.’ आजोबांच्या नोंदीपाशी मात्र तिची लेखणी अडली. मोर्चात किती माणसे होती, याचा त्यांनी सांगितलेला आकडा कोणत्याही कागदाशी जुळत नव्हता. तसे लिहावे, तर आजोबांवर अविश्वास दाखवल्यासारखे होईल. न लिहावे, तर वाचकाची फसवणूक होईल!

अखेर तिने आजोबांनाच विचारले. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “बाय, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच माझं. माणसं मी मोजली नव्हती. आकडा लोकांकडून ऐकला. तसंच लिही.”

मुलीने लिहिले : ‘आजोबा आंदोलनात स्वतः सहभागी होते. मोर्चाचे व गोळीबारानंतरच्या गावाचे वर्णन त्यांनी प्रत्यक्ष पाहून केले आहे. तो भाग निबंधाचा मुख्य आधार आहे. माणसांची संख्या ऐकीव असल्यामुळे ती घेतलेली नाही.’

टीप ऐकून आजोबांचा चेहरा उजळला. एक गोष्ट वगळल्याने त्यांच्या उरलेल्या शब्दांना अधिकच वजन आले होते.

सूचीचे काम किती मोठे होऊ शकते, हे शंकर गणेश दाते यांनी दाखवून दिले. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या दोन खंडांत १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतील छापील मराठी ग्रंथांच्या नोंदी आहेत. अभ्यासक आजही तिचा आधार घेतात. आपली सूची चार ओळींची असली, तरी तिच्यातही तोच प्रामाणिकपणा असावा.

स्वाध्याय
१. आजोबांच्या नोंदीपाशी मुलीची लेखणी का अडली?
२. ‘प्रत्यक्ष पाहिलेले’ व ‘ऐकीव’ यांतील फरक उदाहरण देऊन सांगा.
३. आपल्या गावाविषयीचे एक पुस्तक व एक मुलाखत घेऊन त्यांची सटीप सूची तयार करा.